पाटी आणि माग : तिबेटी निर्वासितांच्या शाळांविषयी

युद्ध वा दडपशाही यांमुळे ज्यांना गाव सोडावे लागते, त्यांच्यासाठी प्रथम तंबू उभारले जातात, मग धान्य येते, मग औषधे. शाळेचा विचार पुष्कळदा वर्षानुवर्षे होत नाही, कारण माणसे लवकरच घरी परततील असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. मुलांची वये मात्र कोणासाठी थांबत नाहीत. तिबेटी निर्वासितांनी ही चूक टाळली. देश सोडून वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांनी पहिली शाळा उघडली, आणि पुढे शाळा हीच त्यांच्या परदेशातील समाजजीवनाची मुख्य संस्था झाली. आपलीही संस्था निवासी शाळा चालविते आणि तीही बौद्ध समाजाच्या वर्गणीतून उभी राहिली आहे. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो इतिहास मांडावा असे आम्हांस वाटले. त्यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे, आणि सावध होण्याजोगेही थोडे आहे.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासा शहरात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले व ३१ मार्च रोजी ते तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून सुमारे ८०,००० तिबेटी लोक हिमालय ओलांडून भारत, नेपाळ व भूतान येथे आले. आसामातील मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची मोठी छावणी उभारण्यात आली. बंगालच्या उत्तरेस बक्सा दुआर येथे, ज्या किल्ल्यात इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते, त्याच किल्ल्यात सुमारे दीड हजार भिक्खूंची सोय झाली. थंड व कोरड्या पठारावर जन्मलेली ही माणसे. सखल प्रदेशातील दमट उष्म्याने ती पटापट आजारी पडू लागली. बक्सा येथे क्षयाने अनेक भिक्खू दगावले. अखेर, हवा मानवेल आणि हाताला कामही मिळेल अशा हेतूने हजारो निर्वासितांना हिमालयातील रस्तेबांधणीवर पाठविण्यात आले.

रस्त्याच्या कामावर पुरुष होते, तशा स्त्रियाही होत्या. कालपरवापर्यंत जे जमीनदार होते, जे मेंढपाळ होते, जे मठात ग्रंथ शिकवीत होते, ते सारे एकाच खडीवर हातोडा चालवू लागले. त्यांची मुले रस्त्याच्या कडेला, सुरुंगांच्या आवाजात व धुळीत दिवस काढीत. उपासमार होती, अपघात होते, दरडी कोसळत. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर ज्यांचे बालपण गेले, अशा आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे चित्र फोडून सांगण्याची गरज नाही.

या मुलांचे काय करावे, हा प्रश्न निर्वासितांच्या पुढाऱ्यांनी अन्नाच्या प्रश्नाइतकाच तातडीचा मानला. ३ मार्च १९६० रोजी मसुरी येथे पहिली तिबेटी शाळा सुरू झाली. विद्यार्थी होते पन्नास, आणि त्यांतील बहुतेक तरुण वयाचे होते. शिक्षक कोठून आणावयाचे हा पेच असल्यामुळे आधी शिकविणारे घडवावयाचे, असा विचार त्यामागे होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १७ मे १९६० रोजी, जम्मूकडील रस्त्याच्या छावण्यांतून ५१ मुले धर्मशाला येथे आणण्यात आली. ती आजारी होती व कुपोषित होती. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा ताकला यांनी त्यांची जबाबदारी पत्करली आणि 'तिबेटी निर्वासित बालकांचे शिशुगृह' सुरू झाले. १९६४ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम हाती घेतले. त्या वेळी त्या अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या, आणि २००६ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्यांनी ही संस्था चालविली.

आरंभी या शिशुगृहाचे काम फक्त लहानग्यांना जगविण्याचे होते. मूल आठ वर्षांचे झाले की त्याला भारत सरकारने तिबेटी मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळांत पाठवीत. काही वर्षांनी त्या शाळा भरून गेल्या. नवी मुले घेण्यास जागा उरली नाही आणि शिशुगृहात आठ वर्षांवरील मुलांची दाटी झाली. तेव्हा संस्थेने स्वतःची शाळा व स्वतःची घरे असलेले एक छोटे गावच वसविण्याचे ठरविले. १९७२ साली त्याची 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' या नावाने रीतसर नोंदणी झाली. पुढे लडाखपासून कर्नाटकातील बायलाकुप्पेपर्यंत तिच्या शाखा निघाल्या.

या संस्थेची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. येथे मोठ्या दालनात ओळीने खाटा मांडलेले वसतिगृह नसते. पंचवीस-तीस मुलांचे एक 'घर' असते. त्या घराला एक आई असते. तिबेटी भाषेत तिला 'आमा-ला' म्हणतात. वेगवेगळ्या वयांची मुले-मुली त्या घरात भावंडांसारखी राहतात. मोठ्यांनी धाकट्यांची वेणीफणी करावयाची, स्वयंपाकात हात लावावयाचा, केरवारे करावयाचे. ही आमा-ला बहुधा स्वतः निर्वासित असे. काही विधवा होत्या, काहींची स्वतःची मुले त्याच घरात वाढत होती. मसुरी येथे १९६२ साली सुरू झालेल्या 'तिबेटन होम्स' या संस्थेनेही हीच पद्धत स्वीकारली. ही रचना आम्हांस फार महत्त्वाची वाटते. निर्वासित स्त्रीला रोजगार मिळाला, निराधार मुलाला आई मिळाली, आणि भाषा, जेवण, सणवार, झोपताना सांगावयाच्या गोष्टी या सर्वांसाठी वेगळा तास ठेवावा लागला नाही. समाजाधारित शिक्षण हा शब्द हल्ली अहवालांतून फार फिरतो. त्याचा अर्थ समाजाकडून देणगी घेणे एवढाच होत असेल, तर तो शब्द वापरण्यात हशील नाही. समाजातील माणसे शाळेच्या आत, पगारावर आणि अधिकाराच्या जागी असणे, हा त्याचा खरा अर्थ होय.

तथापि या व्यवस्थेची किंमतही होती, आणि ती मुलांनी मोजली. शिशुगृहातील सर्व मुले अनाथ नव्हती. अनेकांचे आईबाप रस्त्यावर खडी फोडीत होते. मूल जगावे म्हणून त्यांनी ते दूर पाठविले. निवासी शाळेत मूल सोडून परत फिरणाऱ्या आईचा चेहरा आम्ही दर जून महिन्यात पाहतो, त्यामुळे या ताटातुटीबद्दल हलक्या मनाने लिहिता येत नाही. आणखी पुढचे पाऊल तर शंकास्पदच म्हटले पाहिजे. १९६० च्या दशकाच्या आरंभी दीडशेहून अधिक तिबेटी मुले स्वित्झर्लंडमधील कुटुंबांत संगोपनासाठी पाठविण्यात आली. त्यांतील पुष्कळांचे आई किंवा वडील जिवंत होते. ती मुले खाऊनपिऊन सुखी झाली, शिकली. परंतु मोठेपणी त्यांतील काहींना आपल्या आईशी बोलण्यास दुभाषा लागला. धर्मशाला येथील 'घर' आणि स्वित्झर्लंडमधील 'घर' या दोहोंतही मूल आईबापांपासून दूरच होते. पण पहिल्यात ते आपल्या लोकांत राहिले.

आता सरकारच्या वाट्याकडे वळू. १९६१ साली भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत तिबेटी शाळांसाठी एक स्वायत्त संस्था स्थापन झाली. तीच पुढे 'केंद्रीय तिबेटी शाळा प्रशासन' या नावाने ओळखली जाऊ लागली. खर्च भारत सरकारचा, अभ्यासक्रम भारतातील इतर शाळांचा, आणि त्याबरोबर तिबेटी भाषा व संस्कृती शिकविणारे तिबेटी शिक्षक, अशी ही वाटणी होती. दलाई लामांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, स्वतंत्र शाळांची कल्पना पंडित नेहरूंनी उचलून धरली, मात्र शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे, कारण भविष्यात तीच आंतरराष्ट्रीय व्यवहाराची भाषा राहील, असा सल्ला दिला. निर्वासितांनी तो मानला. त्यामुळे दार उघडले हे खरे; पण तिबेटी भाषा हा एक विषय होऊन बसली, आणि गणित व विज्ञान दुसऱ्याच भाषेत चालू लागले.

ही फट भरून काढण्यास त्यांना वीस-पंचवीस वर्षे लागली. १९८० च्या दशकात चिल्ड्रन्स व्हिलेजच्या शाळांनी प्राथमिक इयत्ता तिबेटी माध्यमातून शिकविण्यास आरंभ केला. त्यासाठी अपूर्णांक, बेरीज, बाष्पीभवन, पेशी अशा शब्दांना तिबेटी प्रतिशब्द घडवावे लागले, पुस्तके लिहावी व छापावी लागली. ज्या भाषेत शतकानुशतके बौद्ध तर्कशास्त्राचे सूक्ष्म विवेचन झाले, त्या भाषेत तिसरीच्या मुलाचे विज्ञानाचे पुस्तक नव्हते! मराठीत परिभाषेची खटपट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या श्रमांची कल्पना येईल. २००४ साली निर्वासित तिबेटी संसदेने मूलभूत शिक्षणाचे धोरण संमत केले, त्यातही मातृभाषेच्या माध्यमावर भर आहे.

इथवर पाटीची गोष्ट झाली. आता मागाची.

ऑक्टोबर १९५९ मध्ये, म्हणजे मसुरीच्या शाळेच्याही आधी, दार्जिलिंग येथे 'तिबेटी निर्वासित स्वावलंबन केंद्र' स्थापन झाले. ज्या टेकडीवर ते उभारले, तेथेच १९१० ते १९१२ या काळात तेरावे दलाई लामा आश्रयास राहिले होते. आरंभी कामगार होते अवघे चार. गालिचे विणणे, लाकूडकाम, चामड्याचे काम, लोकर कातणे व रंगविणे अशी कामे तेथे हळूहळू वाढत गेली. त्याच आवारात लहान मुलांची शाळा, दवाखाना आणि वृद्धांसाठी निवारा निघाला. कामावर आलेली बाई मूल शाळेत सोडी आणि मागावर बसे. सूत कातण्यापुरते बळ उरलेली म्हातारी माणसे सूत कातीत.

तिबेटी गालिचा विणण्याची रीत थोडी समजून घेण्याजोगी आहे. माग उभा असतो. विणकर त्यासमोर बसते आणि ताण्याच्या धाग्यांपुढे एक लांब सळई आडवी धरते. लोकरीचा धागा ताण्याच्या दोन-दोन धाग्यांमागून घेऊन सळईवरून वळसा घालीत ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. नक्षीप्रमाणे रंग बदलावयाचा तेथे धागा बदलते. ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालून ती ठोकून घट्ट बसविते, आणि मग सळईवरचे सारे वळसे सुरीने कापते. कापताच लोकरीची लव उभी राहते. इराणी गालिच्यात एकेक गाठ सुटी बांधून कापावी लागते. येथे पूर्ण ओळ एकदम कापली जाते, आणि सळई सर्वत्र सारख्या जाडीची असल्यामुळे लवीची उंची आपोआप सारखी येते. नवशिक्या माणसाच्या हातूनही बऱ्यापैकी काम का उतरत असावे, याचे उत्तर या सळईत आहे असा आमचा तर्क आहे. रस्त्यावरून आलेल्या आणि आयुष्यात कधी मागाला हात न लावलेल्या माणसांना काही महिन्यांत कमावते करावयाचे, तर अशीच विद्या हवी होती.

नेपाळात हे काम अधिक पसरले. काठमांडूजवळ जावलाखेल येथे १९६० साली स्विस साहाय्याने निर्वासितांचे हस्तकला केंद्र निघाले. तेथील गालिचे युरोपात, विशेषतः जर्मनीत, खपू लागले. १९९० च्या दशकाच्या आरंभी गालिचे ही नेपाळची सर्वांत मोठी निर्यात झाली होती. निर्वासितांच्या पोटासाठी काढलेला एक उद्योग आश्रयदात्या देशाच्या तिजोरीत परकीय चलन आणू लागला! त्या भरात मात्र कारखाने बेसुमार वाढले, मागांवर लहान मुले बसविली गेली, १९९४ च्या सुमारास त्याविरुद्ध जर्मनीत ओरड झाली आणि धंदा कोसळू लागला. तोवर मागावर बसणारे बहुसंख्य हात तिबेटी राहिलेही नव्हते. ते नेपाळमधील गरीब डोंगरी समाजांचे होते. तिबेटी मुले शाळेत गेली होती.

येथे कळीचा प्रश्न येतो. शाळेत शिकलेले मूल मागाकडे परत येत नाही. त्याने यावे काय?

आमच्या समाजापुढे हा प्रश्न मांडताना जपून बोलावे लागते. 'कौशल्यशिक्षण' हा शब्द ऐकताच आपल्या पालकांच्या कपाळावर आठी उमटते, आणि तिला आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. चांभाराच्या मुलाने चामडे, कुंभाराच्या मुलाने चाक. पेरियार व इतरांनी तिच्याविरुद्ध रान उठविले आणि १९५४ साली कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. त्याहून भयंकर उदाहरण फाळणीचे आहे. पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात येऊ दिले जात नव्हते, कारण सफाईचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांना तेथेच अडकविण्यात आले होते. त्यांची अवहेलना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून निदर्शनास आणली. सभोवार कत्तली चालू असताना ज्यांच्या हातचे 'कौशल्य' त्यांच्या सुटकेच्या आड आले, त्यांच्या वारसांनी या शब्दाकडे संशयाने पाहावे यात नवल नाही.

परंतु बाबासाहेबांनी तंत्रशिक्षण टाकाऊ मानले होते काय? मुळीच नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणाची तरतूद मागितली, आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवार म्हणून प्रवेशही मागितला. जे धंदे जातीने कधीच आपल्या वाट्याला येऊ दिले नाहीत, नेमक्या त्या यंत्रांजवळ आपला मुलगा उभा राहिला पाहिजे, अशी ती मागणी होती. मद्रासच्या योजनेत धंदा जन्माने ठरत होता. येथे तो शिकणाराच्या पुढच्या आयुष्यावरून ठरत होता.

या कसोटीवर दार्जिलिंगचा माग उतरतो असे आम्हांस वाटते. जुन्या तिबेटी समाजातही उच्चनीच भाव होता. लोहार व खाटीक यांना हलके लेखले जाई, त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई. बौद्ध देशात असे कसे, म्हणून आपल्यातील काहींना धक्का बसेल. पण इतिहासाच्या शिक्षकाने तो लपवू नये. निर्वासित झाल्यावर ही उतरंड टिकणे कठीण झाले, कारण सर्वांनाच नव्याने हात चालवावा लागला. उमराव घराण्यातील स्त्रिया, गुराखी, मठ सोडलेले भिक्खू एकाच मागाशी आले, एकाच घरात मुले वाढली. कोणाच्या बापाचा कोणता धंदा होता, याने तेथे कामाची वाटणी होत नव्हती. पूर्वग्रह समूळ गेला असे आम्ही म्हणणार नाही. विवाहाच्या वेळी जुन्या गोष्टी कोठेही वर येतात.

असे असूनही शाळा आणि माग एकमेकांशी जोडले गेले नाहीत, ही त्या व्यवस्थेतील उणीव आम्हांस ठळकपणे दिसते. शाळा उत्तीर्ण करीत होती, केंद्र विणवीत होते. दोहोंमध्ये पूल नव्हता. हिशेब, बाजारभाव, नक्षीची आखणी, रंगांचे रसायन या गोष्टी दहावी-बारावी झालेल्या मुलांनी केंद्रात आणल्या असत्या तर कदाचित चित्र निराळे दिसले असते. प्रत्यक्षात शिकलेली मुले शिक्षक झाली, परिचारिका झाली, निर्वासित प्रशासनात कारकून झाली, किंवा परदेशी गेली. भारतात निर्वासित म्हणून नोंद असलेल्याला सरकारी नोकरीचे दार बहुतांशी बंदच होते. ज्यांना यांपैकी काहीच साधले नाही, त्यांच्यासाठी एक धंदा उरला, आणि तो आपण सर्वांनी पाहिला आहे.

हिवाळा लागला की नागपूर-पुण्यासारख्या शहरांत मैदानावर किंवा पदपथावर ताडपत्रीच्या छपराखाली तिबेटी लोकांचे लोकरी कपड्यांचे बाजार लागतात. ते स्वेटर तिबेटी मागावरचे असतात, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. बहुतांश माल लुधियानाच्या गिरण्यांतला असतो. व्यापारी तो उधारीवर देतात, हंगाम संपला की हिशेब चुकता होतो, आणि पुढल्या वर्षी पुन्हा उधारी मिळते. साठ-पासष्ट वर्षांच्या शाळांनी हा धंदा कोणालाही शिकविला नाही. तो लोकांनी आपापसांत शिकला. पत राखणे, गिऱ्हाइकाशी मराठी-हिंदीत बोलणे, तीन महिन्यांच्या विक्रीवर वर्ष काढणे, ही सारी कौशल्येच नव्हेत काय? त्यांची कोणी प्रमाणपत्रे दिली नाहीत एवढेच.

ही उणीव त्यांच्या धुरीणांच्या लक्षात आली नाही असे नाही. देहरादूनजवळ सेलाकुई येथे चिल्ड्रन्स व्हिलेजने व्यवसाय प्रशिक्षण केंद्र चालविले आहे. धर्मशालेजवळ नोर्बुलिंगका संस्थेत थांका चित्रे, मूर्तिकाम व लाकूडकोरीव यांचे शिक्षण वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने दिले जाते, आणि शिकणारा शिकत असतानाच कमावू लागतो. ही नोर्बुलिंगकाची रीत आम्हांस सर्वांत पटते. कारण तेथे कारागिरी ही नापासांची सोय म्हणून ठेवलेली नाही. ज्या शाळेत गणितात मागे पडलेल्या मुलालाच तेवढे सुतारकामाला पाठवितात, त्या शाळेत सुतारकामाची किंमत मुलांना पहिल्याच दिवशी कळते.

शेतीच्या वसाहतींचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. म्हैसूर राज्याच्या सरकारने बायलाकुप्पे येथे सुमारे ३,००० एकर जंगल दिले, आणि १९६० च्या अखेरीपासून तेथे तिबेटी कुटुंबे वसू लागली. जंगल तोडणे, हत्तींचा उपद्रव, न मानवणारा उन्हाळा, मक्याचे अपरिचित पीक. मेंढ्या-याक पाळणाऱ्यांना शेती शिकवावी लागली. सहकारी संस्था, ट्रॅक्टरची कार्यशाळा व शाळा ही वसाहतीची तीन केंद्रे बनली. या पुनर्वसनाला हातभार लावण्यासाठी १९६८ साली 'मायराडा' ही संस्था स्थापन झाली. तिबेटी वसाहती मार्गी लागल्यावर ती कर्नाटकातील ग्रामीण गरिबांत काम करू लागली. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिच्या मोठ्या सहकारी संस्था मोडकळीस आल्या, तेव्हा त्यांतून फुटलेल्या लहान, परस्परविश्वासावर चालणाऱ्या गटांना तिने बचतीचे व कर्जाचे व्यवहार शिकविले. नाबार्डने १९९२ साली बचतगटांना बँकांशी जोडण्याचा जो कार्यक्रम आखला, त्याच्या पूर्वपीठिकेत या अनुभवाचा मोठा वाटा आहे. आपल्या शाळेतील पुष्कळ माता ज्या बचतगटाच्या सभेला जातात, त्याची एक दूरची मुळी अशी निर्वासितांच्या पुनर्वसनापर्यंत पोहोचते. हे वाचून आम्हांलाही प्रथम नवल वाटले होते.

आज या शाळांपुढे निराळेच संकट आहे. २००९ च्या त्यांच्या स्वतःच्या जनगणनेत भारतातील तिबेटी लोकांची संख्या ९४,२०३ भरली होती. २००८ नंतर तिबेटातून येणाऱ्यांचा ओघ आटला, जन्मदर घटला, तरुण युरोप-अमेरिकेकडे निघाले. वर्ग रिकामे होत आहेत, शाळा एकमेकींत विलीन कराव्या लागत आहेत. अनेक वर्षे प्रत्येक मुलामागे एक परदेशी पालक पैसे पाठवीत असे, तेही आता वृद्ध होत चालले आहेत. समाजाने चालविलेली शाळा बाहेरच्या दात्यांवर किती काळ उभी राहू शकते, या प्रश्नाचे उत्तर त्यांना आता घाईने शोधावे लागत आहे. मुलांमागे आपल्याच समाजाची मिळकत उभी करण्याचे काम पहिल्या तीस वर्षांत व्हावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. दूरवरच्या माणसाला हे सांगणे सोपे आहे, याचीही जाणीव आहे.

महाराष्ट्रातील एकमेव तिबेटी वसाहत आपल्या विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव येथे ती १९७२ साली वसली; तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. वसाहतीचे नाव नोर्ग्येलिंग. नवेगावबांधला शाळेच्या सहली वर्षानुवर्षे जातात, पक्षी पाहून परत येतात, आणि जवळच असलेल्या या वसाहतीकडे बस वळत नाही. वरच्या वर्गांची सहल यापुढे तिकडे न्यावी, असे आम्ही शिक्षक मंडळाच्या बैठकीत सुचविले आहे. मात्र ती डिसेंबरात नेऊ नये. त्या दिवसांत वसाहतीतील पुष्कळ कर्ती माणसे स्वेटरांची गाठोडी घेऊन शहरोशहरी गेलेली असतात, आणि मागे राहतात ती बहुधा म्हातारी माणसे व लहान मुले. पावसाळा सरता सरता, बाजाराला निघण्यापूर्वी, ती सर्व घरी सापडतील.